सवलत नको, तारीख सांगा

प्रति,
माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत माझे मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेली कास्टिंग आम्ही लेथवर आणि व्हीएमसीवर चढवतो, मापात आणतो आणि पुढे पाठवतो. हजेरीपटावर माणसे पंचवीस-तीसच्या दरम्यान. ऑर्डर वाढली की वाढतात, मंदी आली की कोणी गावाकडे जातो, कोणी शेजारच्या युनिटला. एवढ्याशा कारखान्याला एचआर खाते परवडत नाही. पगार, पीएफ, ईएसआय, बोनस, रजा, ग्रॅच्युइटी हे सगळे मी, आमचा अकाउंटंट आणि महिन्याची ठरलेली फी घेणारा कन्सल्टंट असे तिघे निभावतो. कायदा बदलला की आधी तिघांपैकी एकाला कळतो, मग त्याच्याकडून बाकीच्या दोघांना, आणि सर्वांत शेवटी ज्याच्यासाठी तो बदलला त्या कामगाराला.

कायदे बदलू नका, असे सांगायला हे पत्र लिहीत नाही. कायदे जुने झाले होते, हे आम्हीही बोलतच होतो. उद्योजकांची शिष्टमंडळे आपल्याकडे येतात तेव्हा बहुधा सवलत मागतात आणि अलीकडे ती मिळतेही. माझे मागणे वेगळे आहे. काय बदलले, कोणत्या दिवसापासून आणि माझ्या कारखान्यात त्याचा अर्थ काय, हे मला बदल लागू होण्याआधी, मराठीत, सरकारकडून कळावे. आज ते व्हॉट्सअ‍ॅपवरून कळते.

नोव्हेंबर २०२५ चेच बघा. केंद्राने २९ कामगार कायदे चार संहितांत बसवले. वेतन संहिता २०१९ मध्ये संसदेत मंजूर झाली, बाकीच्या तिन्ही सप्टेंबर २०२० मध्ये. त्यानंतर पाच वर्षे दर एप्रिल आणि दर ऑक्टोबर आला की ‘आता लागू होणार’ असे सेमिनार व्हायचे. हॉल भरायचा, फी भरायची, जेवण चांगले असायचे, फाइल हातात यायची. तारीख मात्र यायची नाही. लांडगा आला रे आला इतक्या वेळा ऐकल्यावर आमच्यातल्या बहुतेकांनी ती फाइल कपाटावर टाकली. आणि मग २१ नोव्हेंबर २०२५ ला, एका शुक्रवारी, चारही संहिता लागू झाल्याचे जाहीर झाले. कधीपासून? त्याच दिवसापासून. नियम अजून अंतिम व्हायचे होते. मधल्या काळात जुन्या कायद्यांखालचे नियम आणि अधिसूचना चालू राहतील, असे केंद्राने सांगितले. म्हणजे शनिवारी सकाळी आमच्या टेबलावर नवा कायदा होता आणि त्याखाली जुने नियम. त्यांतले कोणते नव्याशी जुळतात आणि कोणते नाही, हे ठरवायचे काम आमच्या अकाउंटंटकडे. तो बी.कॉम. आहे आणि हुशार आहे, पण सर्वोच्च न्यायालय नाही.

याहून अवघड कोडे आपल्याच राज्याने घातले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाचे दिवसाचे तास ९ वरून १२ पर्यंत नेण्याला मान्यता दिली. तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ करायचेही ठरले. ही दुरुस्ती होती १९४८ च्या कारखाने अधिनियमात. अडीच महिन्यांनी तो अधिनियमच नव्या संहितेत विरघळला, आणि त्या संहितेत लिहिले आहे की कामगाराकडून दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. विश्रांती धरून दिवस किती ताणायचा, ते सरकार अधिसूचनेने ठरवणार. वकील मंडळी या दोन्हींची सांगड घालतीलही. पण आमच्या फोरमनने मला साधे विचारले, “मालक, पाळीचा तक्ता आठाचा लावू का बाराचा?” मी आठाचा लावायला सांगितले. मला कायदा कळला होता म्हणून नव्हे. बारा तास लेथवर उभा राहिलेला माणूस शेवटच्या दोन तासांत जे जॉब काढतो, त्यातले किती रिजेक्ट होतात ते मला ठाऊक आहे.

आता वेतनाच्या व्याख्येकडे येतो. बदल मोठा आहे आणि माझ्या मते योग्यही आहे. वर्षानुवर्षे आम्ही मालकांनी पगाराचे तुकडे केले: मूळ पगार कमी, घरभाडे, वाहतूक, धुलाई, ‘इतर’ आणि ‘इतर’मध्येही ‘विशेष’. कारण पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस यांची आकडेमोड मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर व्हायची. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएफपुरता या युक्तीला चाप लावला. सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते मूळ वेतनातच धरा, असे सांगितले. नवी व्याख्या त्याच्या पुढे जाते. वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त भरले, तर निम्म्यावरची रक्कम वेतनात मिळवायची.

हे कागदावर करून बघू. एका सेटरला महिन्याला ३६,००० रुपये मिळतात. त्यात मूळ आणि महागाई भत्ता मिळून १४,०००, बाकीचे भत्ते २२,०००. निम्मे म्हणजे १८,०००. भत्ते त्यापेक्षा ४,००० ने जास्त, म्हणून ते ४,००० वेतनात आले आणि वेतन झाले १८,०००. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांची, सव्वीसने भागून. वीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाला जुन्या हिशेबाने सुमारे १,६१,५०० रुपये मिळाले असते. १८,००० धरले तर सुमारे २,०७,७००. फरक ४६,००० च्या घरात. एका माणसामागे हा आकडा मला जड आहे, पण तो त्याचा आहे. आणि जो बभ्रा सगळ्यात जास्त झाला, तो हातात पडणाऱ्या पगाराचा, त्यात काय होते? पीएफची सक्तीची मर्यादा २०१४ पासून १५,००० रुपयांवर आहे. आजवर १४,००० वर कापत होतो, आता १५,००० वर कापू. बारा टक्क्यांनी महिन्याला १२० रुपये जास्त कापले जातील, तेही त्याच्याच खात्यात जातील आणि तेवढेच मला घालावे लागतील.

हे गणित वहीच्या एका पानावर मावते. पण त्या शनिवारी आमच्या माणसांच्या मोबाइलवर ‘१ तारखेपासून पगार कमी येणार’ असा मजकूर फिरत होता. पहिल्या पाळीचे चौघे केबिनबाहेर उभे होते आणि मी कन्सल्टंटला फोन लावत होतो. त्याचा फोन व्यग्र होता. सगळ्या वसाहतीचे मालक त्यालाच फोन लावत असणार. केंद्राने पीएफच्या मर्यादेबाबत खुलासा केला, पण काही दिवसांनी. तोवर अफवेने आपले काम उरकले होते. वरच्यासारखी दोन-तीन उदाहरणे सोडवून दाखवणारे एक पान आदल्या आठवड्यात आपल्या खात्याने प्रत्येक नोंदणीकृत आस्थापनेच्या ईमेलवर मराठीत पाठवले असते, तर मी ते नोटीस बोर्डावर लावून मोकळा झालो असतो. आमचे पत्ते, ईमेल, मोबाइल सरकारकडे आहेत. चलन थकले तर संदेश बरोबर येतो.

आणि त्या पानावर एक अवघड उदाहरणही हवे. वगळायच्या यादीत ओव्हरटाइमही आहे. दसऱ्याच्या आधी आमच्याकडे ओव्हरटाइम भरपूर होतो. त्या महिन्यात भत्त्यांचे पारडे निम्म्यापलीकडे जाते, नोव्हेंबरात परत खाली येते. मग एकाच माणसाचे ‘वेतन’ दर महिन्याला वेगळे धरायचे का?

दुसरी तरतूद हिशेबाची. माणूस नोकरी सोडून गेला, त्याने राजीनामा दिला किंवा त्याला काढले, तरी त्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात मालकाने काढलेल्या माणसासाठी असे होते. राजीनामा देणाऱ्यालाही आता तेच लागू. छोट्या कारखान्यांत ‘पुढच्या दहा तारखेला ये’ म्हणून माणसाला चार-चार खेपा घालायला लावतात, हे मी पाहिलेले आहे. राहिलेल्या पगारासाठी गारगोटीहून, आजऱ्याहून एसटीने येणारा माणूस शेवटी कंटाळून नाद सोडतो. तेव्हा कायदा बरोबरच आहे. पण आमचा अकाउंटंट आठवड्यातून दोनदा येतो. उचल किती घेतली, रजा किती शिल्लक, गेज आणि मायक्रोमीटर परत केले का, हे त्या दोन दिवसांत जुळवायचे म्हणजे आधीपासून वही तयार हवी. ती मी आता ठेवतो. मला हे जमले, कारण योगायोगाने त्या काळात कोणी राजीनामा दिला नाही आणि तयारीला वेळ मिळाला. शेजारच्या युनिटला तसा वेळ मिळाला नाही. त्याने ग्रॅच्युइटीही दोनच दिवसांत द्यायची असे समजून उसनवारी केली. ग्रॅच्युइटीला तीस दिवसांची मुदत पूर्वीही होती आणि आजही आहे. हे त्याला सांगणारे कोणी नव्हते, एवढेच.

आता सवलतींविषयी, कारण तिथे माझे आपल्याशी खरे भांडण आहे.

उद्योग सुलभ करायचा म्हणजे काय, असे विचारले की उत्तर एका ठरलेल्या वाटेने येते: आकडा वाढवा. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना १० कामगारांपासून कारखाना ठरत होता, नव्या संहितेत २० पासून. कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी १०० कामगारांपासून लागायची, आता ३०० पासून. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या अधिनियमाचा उंबरठाही १० वरून २० वर न्यायचे ठरवले; त्याखालच्यांनी फक्त सूचना द्यायची.

राजारामपुरीतला एखादा कापड दुकानदार घ्या, चौदा माणसांचा. त्याला कोणीतरी सांगितले, ‘आता तुम्ही सुटलात.’ तो सुटलेला नाही. ग्रॅच्युइटीचा आकडा आजही १० आहे. महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमायची, तिचाही आकडा २०१३ च्या कायद्यानुसार १०, आणि समिती नसली तर दंड ५०,००० रुपयांपर्यंत. पीएफसाठी २०. पाळणाघरासाठी ५०. तो एका दारातून बाहेर काढला गेला आणि बाकीच्या दारांतून आतच आहे, पण त्याला फक्त पहिले कळले. सुटली ती त्याच्याकडची माणसे: वर्षाला आठ किरकोळ रजा त्यांना ज्या कायद्याने मिळत होत्या, त्याच्या छायेतून.

शिवाय प्रत्येक आकडा एक पळवाट घेऊन येतो. आमच्याकडे बापाने मुलाला द्यायचा पहिला सल्ला असा असतो की विसावा माणूस घेण्याआधी दहा वेळा विचार कर. म्हणून एकाच शेडमध्ये दोन पाट्या दिसतात, एक नवऱ्याच्या नावाची, एक बायकोच्या. लेथ एका फर्मचा, ड्रिलिंग दुसऱ्या फर्मचे, गेट एकच. अठरा अधिक सतरा. त्यांचा दर माझ्यापेक्षा नगामागे थोडा कमी बसतो आणि ऑर्डर त्यांना जाते, कारण माझ्या दरात पीएफ आहे, त्यांच्यात नाही. महोदय, सवलत ही अशी गोष्ट आहे की ती कायदा पाळणाऱ्याच्या खिशातून जाते. दहा माणसांच्या कारखान्यालाही पाळता येईल इतका सोपा कायदा करा आणि सगळ्यांना लावा. मला स्पर्धा करता येईल.

मागच्या तारखेने लागू होणारे बदल हा वेगळाच वैताग आहे. बोनस कायद्यात डिसेंबर २०१५ मध्ये दुरुस्ती झाली. पात्रतेची मर्यादा १०,००० वरून २१,००० रुपये, हिशेबाची ३,५०० वरून ७,००० किंवा किमान वेतन, यांतील जे जास्त ते. दुरुस्ती चांगली होती. तिची तारीख १ एप्रिल २०१४ होती. त्या वर्षीचा बोनस दिवाळीला वाटून दोन महिनेही झाले नव्हते. बंद केलेली वही उघडा, तोवर सोडून गेलेल्यांना शोधा, फरक काढा. कर्नाटक आणि केरळच्या उच्च न्यायालयांनी मागील वर्षापुरती स्थगिती दिली. इथून कागल ओलांडले की निपाणी. तिथला कारखानदार स्थगितीचा कागद दाखवत होता आणि इकडे आम्ही एकमेकांना विचारत होतो की तो कागद आपल्याला चालतो का. कायदा केंद्राचा, एकच. त्याची वेळ मात्र टोलनाक्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी.

किमान वेतनावरच्या विशेष भत्त्याचे दर सहा महिन्यांनी असेच लहान प्रमाणात होते. भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैपासून बदलतो. सहा महिन्यांच्या महागाई निर्देशांकाची सरासरी काढायची, त्यासाठी शेवटच्या महिन्याचा आकडा यायला हवा, मग परिमंडळनिहाय तक्ता जाहीर करायचा. उशीर कोणाच्या आळसामुळे होत नाही, तो या पद्धतीतच आहे. जानेवारीचा पगार होऊन जातो, मग तक्ता येतो, मग फरक: पगाराचा, पीएफचा, ईएसआयचा. यावर उपाय फुकट आहे. तारखा १ मार्च आणि १ सप्टेंबर करा. बदलताना एकदाच मधल्या दोन महिन्यांचा फरक आमच्याकडून घ्या, म्हणजे बदलाच्या वेळी कामगाराचे एक रुपयाचे नुकसान नाही. त्यानंतर फरक हा शब्द पगारपत्रकातून कायमचा जाईल.

ब्रिटनमध्ये नोकरीविषयक कायद्यांतले बदल शक्यतो वर्षातल्या दोन ठरलेल्या तारखांना लागू करण्याची पद्धत आहे: ६ एप्रिल आणि १ ऑक्टोबर. डिसेंबर २०२५ मध्ये तिथे मोठा रोजगार हक्क कायदा मंजूर झाला. त्याचे विधेयक संसदेत होते तेव्हाच, जुलैमध्ये, सरकारने कोणती तरतूद कोणत्या वर्षी आणि कोणत्या महिन्यात येणार याचे वेळापत्रक छापले होते. तिथल्या मालकांनाही तो कायदा आवडला असे नाही, पण त्यांना तयारी करता आली. शिवाय एकास नावाची संस्था मालक आणि नोकरदार दोघांनाही फोनवर फुकट सल्ला देते. हे आपल्याला जमणार नाही असे मला वाटत नाही. दहावीचे वेळापत्रक आपण महिनोन् महिने आधी सांगतो.

पीएफ आणि ईएसआय केंद्राच्या अखत्यारीत आहेत, हे मला माहीत आहे. पण आमच्यासारख्या खासगी कारखान्यांसाठी या संहितांत ‘योग्य सरकार’ म्हणजे राज्य सरकार. नियम आपण करणार, किमान वेतन आपण ठरवणार, निरीक्षक आपले. निरीक्षकाच्या नावापुढे आता सुविधा देण्याचे कामही जोडले गेले आहे. वेतन संहितेत स्पष्ट आहे की त्याने मालकाला आणि कामगाराला कायदा पाळण्याबाबत सल्ला द्यावा; पहिल्या चुकीला खटला भरण्याआधी लेखी सूचना देऊन दुरुस्तीची संधी द्यावी; पाच वर्षांत तीच चूक पुन्हा झाली तर मात्र संधी नाही. मला ही तरतूद मनापासून आवडली. तिच्यात माणसे घाला, एवढीच विनंती आहे. आम्हाला इन्स्पेक्टरला प्रश्न विचारायची सवय नाही. त्याला प्रश्न विचारणे म्हणजे आपल्या दाराचा पत्ता देणे, असे आमच्या वडिलांच्या पिढीने शिकवले आहे. ती भीती परिपत्रकाने जाणार नाही.

म्हणून असे करावे. महिन्यातून एक दिवस आपल्या खात्याचा एक अधिकारी शिरोलीत, एक दिवस गोकुळ शिरगावला, एक दिवस कागलच्या पंचतारांकित वसाहतीत बसवावा. तपासणीसाठी नाही, उत्तरे देण्यासाठी. मालकांनी यावे, कामगारांनीही यावे, एकाच खोलीत. प्रश्न लेखी घ्यावा, उत्तर लेखी द्यावे, सहीशिक्क्यानिशी, आणि त्या उत्तरावर विसंबून वागलेल्या मालकाला पुढे दंड होऊ नये. सगळी उत्तरे नाव वगळून मराठीत छापावीत, म्हणजे वाळूजला विचारलेल्या प्रश्नाचा उपयोग इचलकरंजीला होईल. खोली आणि चहा आमच्याकडून.

पहिल्या दिवशी मी रांगेत असेन. प्रश्न तयार आहे. नव्या संहितेनुसार ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षाच्या नोकरीनंतरही ग्रॅच्युइटी मिळते. पाच वर्षे थांबायचे कारण नाही. माझ्याकडे नोकरी मागायला येणाऱ्यांच्या फाइलीत मात्र अकरा महिन्यांची नेमणूकपत्रे असतात. अकरा महिने, मग आठवडाभराची सुट्टी, मग त्याच मशीनवर पुन्हा अकरा महिने. असा माणूस पात्र की नाही? मी तशी पत्रे देत नाही, पण जे देतात त्यांच्याशी माझी दराची स्पर्धा आहे, आणि ज्याला ती मिळतात तो उद्या माझ्याकडे कामाला असेल. उत्तर ‘हो’ असेल तर ते वसाहतीच्या गेटवर मोठ्या अक्षरांत लावण्याची परवानगीही त्याच कागदावर द्यावी.

कळावे,
आपला,
शिरोली औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजक